खासगी घरांतल्या हाउसकीपरसाठीचं प्रशिक्षण: फडकं छान शिकवतात, घर अर्धवट

हाउसकीपिंगचे बरेच वर्ग मुळात हॉटेलसाठी बेतलेले असतात. त्यातलाच थोडा भाग वेगळा काढून ‘खासगी घरांसाठी’ म्हणून पुढे केला जातो. हॉटेलात शंभर खोल्यांना एकच फरशी, एकाच बनावटीचे नळ, एकसारख्या चादरी. एकदा हात बसला की झालं. घरात एकाच खोलीत पॉलिश केलेला संगमरवर असतो, बाजूला तेल पाजलेलं लाकडी टेबल, भिंतीवर जुना आरसा आणि त्याखाली नक्षीची चांदीची डबी. म्हणून असा वर्ग जोखताना आधी एवढंच बघावं: ओलं फडकं टेकवण्याआधी ती वस्तू कशाची आहे हे ओळखायला शिकवतात का? इथे ज्याचं परीक्षण आहे त्या वर्गात शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. गाडी अडते ती त्याच्या पुढे.

सगळ्यात सरस तास पृष्ठभागांचा. संगमरवराचा एक तुकडा, त्यावर व्हिनेगरचा थेंब, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि तुकडा उजेडात तिरका धरायचा. थेंबाएवढं मंद वर्तुळ दिसतं. प्रत्येकाला त्यावरून बोट फिरवायला लावतात. हा डाग नव्हे. आम्लाने दगडातलं कॅल्शियम कार्बोनेटच खाल्लेलं असतं, त्यामुळे कितीही धुतलं तरी ते जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. तोच थेंब ग्रॅनाइटवर टाकला तर काही दिसत नाही. ‘दगड आहे, चालेल’ हा समज तिथेच मोडतो. आरशाचंही तसंच: फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. काचेवर मारला की ओघळ खालच्या कडेला साचतो, मागच्या चंदेरी थरात शिरतो आणि कड काळी पडत जाते. चांदीसाठी अॅल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती दाखवतात. पण नक्षीच्या खोबणीतला मुद्दाम ठेवलेला काळेपणाही ती काढून टाकते, हे सांगत नाहीत. पोकळ मुठीच्या सुऱ्या त्यात बुडवल्या तर मुठीतला भराव सुटू शकतो, तेही राहून गेलं आहे.

रसायनांच्या तासाला फळ्यावर ‘१:१०’ लिहून पुढे जातात. इथे घोळ होतो. दहा भाग पाण्यात एक भाग, की एकूण दहा भागांत एक? तीव्र द्रावणात हा फरक महागात पडतो. त्यापेक्षा मिलिलिटरमध्ये बोलावं: ५ टक्क्यांच्या ब्लीचपासून ०.१ टक्क्याचं एक लिटर द्रावण हवं असेल तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. ते रोजच्या रोज ताजं करायचं, कारण पातळ केलेलं ब्लीच लवकर उतरतं. मळ आधी काढायचा आणि मग जंतुनाशक लावायचं, कारण मळच ब्लीचमधलं क्लोरिन खाऊन टाकतो. लेबलवर जेवढी मिनिटं दिली असतील तेवढा वेळ जागा ओली राहायला हवी. फवारलं आणि लगेच पुसलं तर फक्त वास येतो.

ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, अमोनियाच्या काचक्लीनरशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन; दोन्ही विषारी. हे वर्गात घोकून घेतात. पण मुद्दाम कोण मिसळतं? घरात हे वेगळ्याच वाटेने घडतं. रात्री कुणीतरी शौचालयाच्या भांड्यात टॉयलेट क्लीनर ओतून ठेवलेलं असतं आणि सकाळी त्यावर ब्लीच पडतं. किंवा कपाटातल्या बाटलीवर एक लेबल आणि आत भलतंच द्रव. म्हणून आधी फ्लश करा, खिडकी उघडा आणि लेबल नसलेली बाटली वापरूच नका. ही तीन वाक्यं अभ्यासक्रमात नाहीत. हॉटेलात साहित्य मोजून आणि लेबल लावून हाती येतं, त्यामुळे ती कुणाला सुचली नसावीत.

मायक्रोफायबरचा, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांच्या फडक्याचा, भाग नेटका. फडकं दोनदा घडी घालून आठ स्वच्छ बाजू मिळवायच्या, एक मळली की उलटायची. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नाही, कारण तो धाग्यांवर थर धरतो आणि फडकं मळ पकडेनासं होतं. सुती कपड्यांसोबतही नाही, त्यांचे तंतू चिकटतात. रंगांची वाटणी नेहमीची: लाल शौचालयाला, पिवळा बेसिनला, हिरवा स्वयंपाकघराला, निळा बाकी घराला. घरात ही शिस्त मोडते ती वॉशिंग मशीनपाशी, जिथे चारही रंग एकाच खेपेत पडतात. लालसाठी वेगळी बादली आणि वेगळी खेप, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

चादरीचे कोपरे ४५ अंशांत दुमडण्यावर मात्र अख्खी सकाळ खर्च होते. घरात इतक्या ताणलेल्या चादरीत कुणाला झोपायचं असतं? तोच वेळ इस्त्रीला द्यायला हवा होता. इस्त्रीच्या नावाखाली चादरी आणि टॉवेल, बस्स. कपड्याच्या लेबलवरचे ठिपके (एक म्हणजे कमी उष्णता, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त) ओझरते येतात. शर्टाचा क्रम येतच नाही. आधी कॉलर, आतून, टोकांकडून मध्याकडे, नाहीतर टोकाशी चुणी गोळा होते. मग खांद्याची पट्टी, कफ, बाह्या, आणि मोठे भाग शेवटी, म्हणजे झालेलं पुन्हा चुरगळत नाही. गडद कपडा उलटा करून, नाहीतर त्यावर चकाकी येते.

वेळेचं गणितही हॉटेलचंच: एक खोली, तीस मिनिटं, मग पुढची. घरात तीन तास मिळाले तर आधी भिजायचं ते भिजवावं: टॉयलेट क्लीनर भांड्यात, नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर त्या धातूला चालेल अशा क्षारनाशकाचं ओलं फडकं, मशीनमध्ये पहिली खेप. ते मुरतंय तोवर सगळ्या घरातली कोरडी धूळ वरून खाली. ओलं काम शेवटी, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत.

शिष्टाचाराचा तास एकतर्फी आहे. मेजावरचे कागद नीट लावायचे नाहीत, उचलून पुसून जसेच्या तसे ठेवायचे, हे सांगतात, छान. काही फुटलं तर त्याच दिवशी सांगा आणि तुकडे टाकू नका, हे नाही सांगत. किल्लीला पत्ता लिहिलेली चिठ्ठी बांधू नये, हेही नाही. खोलीचा ‘आधीचा फोटो’ काढायला शिकवतात, पण दुसऱ्याच्या घरात त्यासाठी विचारावं लागतं हा मुद्दा कुठेच नाही. काम करणाऱ्याच्या बाजूचं तर अवाक्षर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्येच झाला आहे. आठवड्यात सलग २४ तास सुट्टी, स्वतःची ओळखपत्रं स्वतःकडे ठेवण्याचा हक्क आणि कामाच्या अटी शक्यतो लेखी, असं त्यात स्पष्ट आहे. मंजुरी दिलेल्या देशांवर तो बंधनकारक आहे. वेळा, कामांची यादी आणि सुट्टी पहिल्या दिवशी कशी ठरवायची, याचा सराव अर्ध्या तासात होऊ शकतो.

अगदी नवख्या माणसाने हा वर्ग जरूर करावा. पृष्ठभाग आणि फडकं या दोन तासांतच फी वसूल होते. आधीपासून घरांत काम करणाऱ्याने तेवढेच दोन तास वेगळे मिळतात का ते विचारावं. शेवटची परीक्षा वर्गातल्याच नमुना खोलीत होते, जिथे एकही वस्तू अनोळखी नसते. प्रमाणपत्रावर फक्त ‘हाउसकीपिंग’ असं छापलेलं असतं, विषयांची यादी नाही. त्यामुळे समोरच्या माणसाला रेशमावर इस्त्री फिरवता येते की फक्त टॉवेलवर, हे काम देणाऱ्याला त्यावरून कळत नाही.