पहिलं फझ पेडल: फझ फेस घ्यावं की बिग मफ?

फझ, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पायाखालचं पेडल, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी ट्रान्झिस्टरच्या वादात अडकतात. जर्मेनियम चांगलं की सिलिकॉन, जुन्या बनावटीचं की नव्या, अमुक नंबरचा ट्रान्झिस्टर आहे की नाही. या गोष्टींनी फरक पडतो, पण तो नंतर. आधी एकच पाहा: वाजवताना तुमची करंगळी गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर जाते का? जात असेल, किंवा ती सवय लावून घ्यायची तयारी असेल, तर फझ फेस. गिटारचा नॉब कायम दहावरच राहणार असेल, तर बिग मफ. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका फरकातून निघतं.

ओव्हरड्राइव्ह या सौम्य प्रकारात सिग्नलचे शेंडे गोलसर दबतात. फझमध्ये ते इतके सपाट कापले जातात की लहर जवळजवळ चौकोनी होते. हा आवाज मुळात बिघाडातून सापडला. १९६१ मध्ये नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्सच्या एका रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा सूर फाटका, गुरगुरता उमटला. तो तसाच ठेवला गेला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी नंतर मुद्दाम तसा आवाज काढणारं सर्किट केलं आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला काढलं. पुढे लंडनमध्ये १९६६ च्या सुमारास आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने गोल डब्याचं फझ फेस आणलं, आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्कला माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने बिग मफ. आज दुकानात दिसणाऱ्या फझपैकी बरीचशी या दोघांच्याच घराण्यातली असतात.

फझ फेस: गिटारच्या हातात राहणारं

आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि बाहेर दोन नॉब. बस. एवढ्या कमी भागांच्या सर्किटमध्ये गिटारचा पिकअपही (तारांची कंपनं पकडणारा चुंबकीय भाग) सर्किटचाच भाग होऊन बसतो. फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, फार कमी, जेमतेम काही हजार ओहम असतो. त्यामुळे गिटारचा व्हॉल्यूम जरासा उतरवला की नुसता आवाज कमी होत नाही, पहिल्या ट्रान्झिस्टरला मिळणारा करंटच आटतो आणि फझ मागे सरतो.

दुकानात हे दोन मिनिटांत पडताळता येतं. सिंगल कॉइलची गिटार घ्या, नेक पिकअप लावा, पेडलचा फझ नॉब जवळजवळ पूर्ण उघडा. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून मोकळा ई मेजर वाजवा. सगळा कॉर्ड एकात एक मिसळून गदळ होईल, कुठला सूर कुठला ते कळणार नाही. आता नॉब सातच्या आसपास आणा. कॉर्डमधले सूर एकेक करून सुटे व्हायला लागतील, वर नुसती खरखरीची कड राहील. चारवर आणलात की जवळजवळ स्वच्छ आवाज, आणि तोही थेट अ‍ॅम्पमध्ये लावल्यापेक्षा जास्त काचेरी, चमकदार. पायाने पेडल बंद न करता तीन वेगळे आवाज हातात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या वाजवण्यातला संथ, उजळ ऱ्हिदम आणि पुढच्याच क्षणी पेटलेला सोलो यामागे ही युक्ती बऱ्याच ठिकाणी आहे. नॉब फिरवून असा फरक पडतच नसेल, तर त्या पेडलचं बायसिंग (ट्रान्झिस्टरच्या व्होल्टेजची मूळ मांडणी) चुकलेलं असेल किंवा मध्ये कुठेतरी बफर, म्हणजे सिग्नल कमजोर पडू नये म्हणून बसवलेलं छोटं सर्किट, शिरला असेल.

बफर हा फझ फेसचा वैरी. ट्यूनर पेडल, बॉसची बहुतेक पेडलं, वायरलेसचा रिसीव्हर, यांपैकी काहीही फझ फेसच्या आधी आलं की त्याला पिकअप दिसतच नाही. आवाज कडक, चिरका होतो आणि नॉबची जादू संपते. अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या गिटारचीही हीच अडचण. म्हणून फझ फेस साखळीत पहिलं, गिटारच्या केबलला थेट. वाह पेडल आधी जोडलंत तर बऱ्याच वेळा किंचाळी उठते. हंबकर, म्हणजे दुहेरी कॉइलचे पिकअप, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: खर्जाचा भार जास्त पडून आवाज चिखल होतो, तेव्हा दहाऐवजी आठला सुरुवात करा.

बिग मफ: स्वतःचा आवाज घेऊन येणारं

बिग मफमध्ये चार ट्रान्झिस्टर एकापुढे एक. मधल्या दोन टप्प्यांत डायोडच्या जोड्या सिग्नल कापतात, म्हणजे एकदा कापलेला सिग्नल पुन्हा कापला जातो. त्यामुळे काँप्रेशन, म्हणजे लहान-मोठा आवाज एका पातळीवर येणं, प्रचंड. सूर छेडला की तो तुटत नाही, लांबच लांब वाहत राहतो. नॉबचं नावच सस्टेन आहे आणि ते खरं आहे. गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला तरी फझ फारसा ओसरत नाही. उतरवत नेला तर शेवटी आवाज बारीक होतो, पण स्वच्छ होत नाही.

ही उणीव समजू नका. ज्याला एकदा पाय मारून ठरलेला आवाज हवा आहे, त्याच्यासाठी हाच भरवसा आहे. आधी ट्यूनर असो, बफर असो, वायरलेस असो, मफला फरक पडत नाही. गिटार बदलली तरी त्याचा मूळ स्वभाव तोच. लांब ओढलेल्या तारा, मींडेसारखे सावकाश चढणारे सूर, संथ सोलो, यांसाठी मफसारखं दुसरं पेडल माझ्या ऐकण्यात नाही.

मफची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती घरी कळत नाही. त्याचा टोन नॉब मध्यावर असताना साधारण एक किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग खाली बसलेला असतो. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज भव्य वाटतो: खाली भरघोस खर्ज, वर धार. बँडमध्ये गेलात की खर्ज बेस गिटार घेऊन जाते, वरची धार झांजा घेऊन जातात आणि गिटारला जी जागा लागते नेमकी तीच मफने रिकामी सोडलेली असते. वाजवणारा व्हॉल्यूम वाढवत राहतो आणि तरी ऐकू येत नाही. उपाय आहेत: अ‍ॅम्पवरचे मिड्स (मधल्या फ्रीक्वेन्सी) वाढवणं, मफच्या नंतर कमी गेनवर (सिग्नलची वाढ कमी ठेवून) एखादं मिड्स उचलणारं ओव्हरड्राइव्ह लावणं, किंवा वेगळी आवृत्ती घेणं. ट्रान्झिस्टरऐवजी ऑप-अँप चिपवर चालणाऱ्या ऑप-अँप बिग मफच्या नव्या छोट्या आवृत्तीत टोन नॉबलाच बगल देणारा खटका आहे. तो टाकला की मधला भाग परत येतो. आवृत्त्यांबद्दल फार डोकं शिणवू नका. रॅम्स हेड सोलोसाठी मोकळं, ग्रीन रशियन खर्जाने भरलेलं आणि म्हणून बेसवाल्यांचं लाडकं, ट्रायँगल थोडं उघडं. पहिल्यांदा घेणाऱ्याला यांत उन्नीस-बीसचाच फरक.

दोन्ही पेडलं एकाच वादकाच्या हातात ऐकायची असतील तर पिंक फ्लॉइड बँडचा डेव्हिड गिल्मर ऐका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे सिलिकॉन फझ फेस होतं, दशकाच्या उत्तरार्धात बिग मफ. बोटं तीच. आधीच्या सोलोंमध्ये सूर पेटतो आणि विझतो, नंतरच्यांत तो तरंगत राहतो.

अ‍ॅम्प काय आहे, यावर बरंच ठरतं

फझ फेसला फाटण्याच्या काठावर असलेला ट्यूब अ‍ॅम्प हवा. अ‍ॅम्प स्वतः थोडा दबत असेल तर फझच्या कडा गोल होतात. अगदी स्वच्छ, कोरड्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये तेच पेडल गांधीलमाश्यांच्या मोहोळासारखं घोंघावतं. बिग मफला उलट स्वच्छ आणि दमदार अ‍ॅम्प मानवतो, कारण रंग त्याने आपला आपण भरलेला असतो. गिल्मरचे हायवॉट अ‍ॅम्प असेच स्वच्छ होते. घरी छोटा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प असलेल्यांना मी म्हणूनच मफ सुचवतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपैकी कित्येक जण आता अ‍ॅम्पऐवजी ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोनवर वाजवतात. तिथे कुठलाही फझ थेट ऐकलात तर कान किटतील. गिटारचा स्पीकर वरच्या फ्रीक्वेन्सी बऱ्याच गाळतो आणि फझचा आवाज त्या गाळणीसकटच घडलेला आहे. पेडल इंटरफेसच्या आधी लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटचं सिम्युलेशन चालू ठेवा. एवढं केल्याशिवाय पेडल वाईट आहे असा निकाल देऊ नका. मल्टि-इफेक्ट युनिट असेल तर फझ फेस त्याच्या लूपमध्ये नको, युनिटच्याही आधी हवं.

जर्मेनियम आणि आपला उन्हाळा

फझ फेस ठरलं तरच हा प्रश्न येतो. सुरुवातीची फझ फेस जर्मेनियमची होती, एनकेटी२७५ किंवा एसी१२८ ट्रान्झिस्टरवर चालणारी. काही वर्षांतच बीसी१०८, बीसी१०९ असे सिलिकॉन आले. जर्मेनियमचा आवाज मऊ, लोकरी, आणि व्हॉल्यूम उतरवल्यावर स्वच्छ होण्यात तो पुढे. सिलिकॉन जास्त तिखट, जास्त गेनचा. गेन खूप असलेला सिलिकॉन फझ कधीकधी रेडिओही पकडतो.

पण जर्मेनियमला तापमान सोसत नाही. दर दहा अंशांमागे त्याचा लीकेज करंट साधारण दुप्पट होतो, बायस सरकतो आणि पेडल दबकं, अडखळतं वाजायला लागतं. २५ अंशांच्या एसी खोलीत जे पेडल सुरेख वाजतं, तेच मे महिन्यात नागपूरच्या उघड्या स्टेजवर किंवा मुंबईत पंख्याखालच्या रिहर्सल रूममध्ये वेगळं वाजेल. बाहेर कार्यक्रम करणाऱ्याने पहिलं पेडल म्हणून सिलिकॉनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या रेकॉर्डिंगसाठी मात्र जर्मेनियमची गोडी खरी आहे. डनलॉपच्या फझ फेस मिनी मालिकेत लाल डब्बा जर्मेनियमचा आणि निळा सिलिकॉनचा. दोन्ही शेजारी ठेवून ऐकता आले तर पाच मिनिटांत कौल मिळतो.

जुनी किंवा हाताने बनवलेली पीएनपी जर्मेनियम पेडलं बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडची (बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलेली) असतात. ती इतर पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॉप्टरच्या माळेत लावली तर शॉर्ट होतं. त्यांना वेगळी बॅटरी द्या. फझ फेस करंट इतका कमी खातं की साधी नऊ व्होल्टची बॅटरी महिनोन् महिने पुरते, फक्त वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची.

हमचा, म्हणजे मागच्या सततच्या घूं आवाजाचा, त्रास मात्र दोघांनाही सारखाच. सिंगल कॉइल, भरपूर गेन आणि भिंतीतलं कच्चं अर्थिंग एकत्र आलं की पेडल बदलून काही होत नाही. आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

आणखी दोन नावं

टोन बेंडर हे लंडनच्या गॅरी हर्स्ट यांचं १९६५ चं पेडल. त्याची मार्क टू आवृत्ती तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टरची, फझ फेसपेक्षा आक्रमक आणि बँडमध्ये पुढे येणारी. लेड झेपेलिनच्या जिमी पेजचा सुरुवातीचा आवाज याचाच. आपल्याकडच्यांना रस वाटेल अशी एक गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. १९६५ मध्ये यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडच्या एका गाण्यासाठी लंडनच्या स्टुडिओत सतारवादक बोलावले होते. पण तो प्रयत्न बसला नाही आणि शेवटी बँडचा गिटारवादक जेफ बेकने ती धून फझ लावून गिटारवरच वाजवली. सतारीची झणकार फझने उभी केली हे ऐकून आश्चर्य वाटायला नको, कारण दोन्हींत वरच्या स्वरांशांचीच गर्दी असते.

स्वस्तात आजमावायचं असेल तर बेहरिंगरचं सुपर फझ. डबा प्लॅस्टिकचा, पण आतलं सर्किट बॉसच्या बंद झालेल्या हायपर फझवरून घेतलेलं आणि वरच्या सप्तकाची छटा देणारं. रोज पायाखाली तुडवायचं ते पेडल नव्हे, पण फझ आपल्याला आवडतो की नाही हे त्यावर नक्की कळेल.

स्वतः बनवायचं असेल तर

इथे फझ फेस सरळ जिंकतं. बिग मफमध्ये चाळीसच्या वर भाग आणि पहिल्याच प्रयत्नात चूक शोधत बसणं जिवावर येतं. सिलिकॉन फझ फेसचे सगळे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतात. बीसी१०८ नाही मिळाला तर बीसी५४७ चालतो, पण ए गटातला मागा. सी गटाचा गेन अति होतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला मूळ सर्किटमध्ये ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्याच्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर) लावा, मल्टिमीटरचा लाल प्रोब कलेक्टरवर ठेवा आणि साडेचार व्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवा. मग गिटार जोडा आणि शेवटची पाव फेरी आकड्याकडे न बघता कानाने द्या. रेडिओ ऐकू आला तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर टाका.