सप्रेम भेट, लवकर बरी हो

इया गेनबर्गचं 'द डिटेल्स' शनिवारी दुपारी हातात घेतलं, रविवारी संपलं, आणि त्याला आता दोन आठवडे झाले तरी दुसरं पुस्तक धड वाचवत नाहीये. मूळ कादंबरी स्वीडिश, २०२२ ची, त्याच वर्षी तिला स्वीडनचा ऑगस्ट हा साहित्य पुरस्कार मिळाला, मग कीरा योसेफ्सनने ती इंग्रजीत आणली आणि २०२४ ला इंटरनॅशनल बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये होती. मी इंग्रजीतून वाचली. छोटीशीच आहे, दोनशे पानांच्या आत.

गोष्ट म्हणावी तर एवढीच की एक बाई तापाने आडवी झालीये आणि पडल्यापडल्या तिला एक जुनं पुस्तक परत वाचावंसं वाटतं, पॉल ऑस्टरची 'न्यूयॉर्क ट्रिलॉजी'. ते उघडलं तर आत नव्वदच्या दशकातलं हस्ताक्षर, लवकर बरी हो म्हणून. तेव्हा तिला मलेरिया झालेला आणि पुस्तक दिलेलं योहानाने, जी तेव्हा तिची प्रेयसी होती आणि आता टीव्हीवरची प्रसिद्ध निवेदिका आहे. म्हणजे जी सोडून गेली तिचा चेहरा अख्ख्या देशाला रोज दिसतो, हिला सोडून सगळ्यांना ती फक्त टीव्हीवरची बाई. मला इथेच पुस्तक दोन मिनिटं मिटून ठेवावं लागलं.

मग एकामागून एक चार माणसं येतात. योहाना, निकी, आलेहांद्रो आणि बिर्गिट्टे. चार प्रकरणं, चार व्यक्तिचित्रंच म्हणा ना. आपल्याकडे व्यक्तिचित्रांची केवढी मोठी परंपरा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा घाट अजिबात परका वाटणार नाही, फक्त आपल्याकडे लेखक बहुतेक वेळा शेजारी उभा राहून त्या माणसाकडे बघतो आणि इथे सांगणाऱ्या बाईचं स्वतःचं नावसुद्धा कळत नाही. ती स्वतःबद्दल फार बोलतच नाही. योहाना हातात घेतलेलं काम तडीस नेणारी आणि ही सगळं अर्धवट सोडणारी, हे आपल्याला योहानाबद्दल वाचताना कळतं. असं करत करत शेवटी चौघांच्या मधे जी रिकामी जागा उरते ना, तीच ही बाई. हे मला फार म्हणजे फारच आवडलं.

अजून एक, आधी बाईवर प्रेम, पुढे पुरुषावर, आणि कादंबरी त्याचा अजिबात गाजावाजा करत नाही, कुठे खुलासा नाही की समर्थन नाही.

सगळ्यात जास्त लागली ती निकी. आज जीव टाकेल आणि उद्या तोंड बघणार नाही अशी मैत्रीण, आणि एक दिवस गायबच होते, ना पत्ता ना फोन नंबर, आणि इतक्या वर्षांनी इंटरनेटवरही तिचा काही मागमूस नाही. ज्यांनी मोबाइलच्या आधीचे दिवस पाहिलेत त्यांना हे माणूस हरवणं काय असतं ते माहितीये. तेव्हा भांडण झालं म्हणूनच माणसं तुटायची असं नव्हतं, रूम बदलली, बदली झाली, डायरी हरवली की संपलं.

आलेहांद्रोचं प्रकरण मला थोडं कमी पडलं. वादळासारखा येतो, ते ठीक, पण बाकी तिघींच्या बारीकसारीक सवयी जशा डोळ्यासमोर राहतात तसा तो राहिला नाही. बिर्गिट्टे कोण ते मी सांगत नाही. तिच्यापाशी पोचल्यावर आधीची तिन्ही प्रकरणं वेगळी दिसायला लागतात, मी तर परत पहिल्या पानावर गेले.

भाषेबद्दल बोलायलाच हवं. वाक्यं लांबच लांब आहेत, एका आठवणीच्या पोटात दुसरी, पण इंग्रजीत कुठे दम लागत नाही, ही कमाल कीराची. वाचताना सारखं वाटत होतं की मराठीत हे कसं येईल, कारण आपलं क्रियापद शेवटी, एवढं लांब वाक्य वाचणारा कुठवर धरून ठेवेल? पण बोलताना आपणही असंच बोलतो की, आजारी माणसाच्या उशाशी बसून तर नक्कीच. कुणीतरी चांगल्या अनुवादकाने थेट स्वीडिशवरून करावं हे, मी पहिली प्रत घेईन.

धावती गोष्ट हवी असेल तर हे पुस्तक घेऊ नका, इथे काही घडत नाही. पण घरात एकटं असाल, बाहेर पाऊस असेल तर जरूर घ्या.

वाचून झाल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली. हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीने दिलेलं कवितांचं पुस्तक त्यात आहे, पहिल्या पानावर सप्रेम भेट, तारीख आणि तिची सही. तिला कितीदा ऑनलाइन शोधलंय, लग्नानंतरचं आडनावच माहीत नाही तर सापडणार कशी. चेहरा आता नीट आठवत नाही, पण मेसमध्ये ती पोळीचे काठ काढून ताटाच्या कडेला ठेवायची आणि सगळं जेवण झाल्यावर ते एकेक करून वरणात बुडवून खायची, ते मात्र अगदी स्पष्ट दिसतंय.