हॉटेल कॅलिफोर्निया: १९७६ चं की १९९४ चं?

रत्नागिरीत पावसाळ्यात वीज गेली की पडवीत बसून, पागोळ्यांच्या आवाजात, मी ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं ऐकतो. प्रश्न एवढाच, की कुठलं?

डिसेंबर १९७६ मध्ये आलेल्या अल्बमवरचं मूळ गाणं साडेसहा मिनिटांचं. त्याचा जीव शेवटच्या दोनेक मिनिटांत आहे. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या इलेक्ट्रिक गिटार आधी आळीपाळीने बोलतात, मग एकमेकींच्या हातात हात घालून उतरत येतात. ही धार दुसरीकडे नाही.

बँड १९८० मध्ये फुटला. पुन्हा कधी एकत्र येणार, यावर बँडचा गायक डॉन हेन्लीचं उत्तर होतं, नरक गोठेल तेव्हा. म्हणून १९९४ च्या लाइव्ह अल्बमचं नाव ‘हेल फ्रीझेस ओव्हर’. त्यात याच गाण्याची फेल्डर अकूस्टिक गिटारवर स्पॅनिश वळणाची लांब सुरुवात करतो, मग तालवाद्यं येतात. आमच्याकडे भजनात पखवाजावर पहिली थाप पडली की खळ्यात बसलेली माणसं सावरून बसतात, अगदी तसंच होतं. ओळखीची धून सुरू होताच श्रोते ओरडतात, तिथे माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. हेन्लीचा आवाजही वयाने मुरलेला वाटतो.

बाकी अल्बममध्ये चार नवी स्टुडिओ गाणी आहेत. ती मला फारशी भिडली नाहीत.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १९७६ चंच ऐकावं. पडवीत, पावसात मात्र मी १९९४ चं लावतो.