सी मधून मेमकॅश्ड: लिबमेमकॅश्ड घ्यावं की एपीआर-मेमकॅश?

मेमकॅश्ड (वारंवार लागणारा डेटा मेमरीत ठेवणारा कॅश सर्व्हर) काय करतं हे ठाऊक असलेल्यांसाठी लिहितोय. सी भाषेतल्या प्रोग्रॅममधून त्याच्याशी बोलायचं तर मला विचार करण्याजोगे दोनच पर्याय वाटले: ब्रायन एकर यांनी सुरू केलेलं लिबमेमकॅश्ड आणि अपाचेच्या एपीआर या सी लायब्ररींच्या संचातल्या एपीआर-युटिलबरोबर आयतं मिळणारं एपीआर-मेमकॅश. दोन्ही वापरलीत. वेगाचे आकडे देत नाही. आमच्याकडे वाट पाहावी लागायची ती नेटवर्कची, लायब्ररीची नव्हे.

कोड लिहायला एपीआर-मेमकॅश जास्त सुखाचं. व्हॅल्यू (साठवलेला डेटा) मेमरीच्या पूलमध्ये येते, पूल साफ केला की विषय संपला. कनेक्शनं सांभाळायची सोयही आतच, म्हणून थ्रेडची फिकीर नाही. लिबमेमकॅश्डमध्ये गेटनं दिलेली प्रत्येक व्हॅल्यू आपणच फ्री करायची, फंक्शनमधून मध्येच बाहेर पडतानासुद्धा. एकच हँडल (लायब्ररी वापरायला लागणारा ऑब्जेक्ट) अनेक थ्रेडना देता येत नाही. प्रत्येकाला त्याची प्रत (क्लोन) द्या, नाहीतर सोबतच्या युटिल लायब्ररीतला हँडलचा पूल वापरा. कटकट आहे, पण अंगवळणी पडते.

जे अंगवळणी पडत नाही ते वेगळंच. आमचा सी मधला डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) कॅशमध्ये लिहायचा आणि पीएचपीची पानं तिथून वाचायची. कुठली की (व्हॅल्यूचं नाव) कुठल्या सर्व्हरवर टाकायची हे एपीआर-मेमकॅश सीआरसी३२ या हॅशवरून (नावातून काढलेल्या आकड्यावरून) साध्या भागाकारानं ठरवतं. पीएचपीचं मेमकॅश्ड एक्स्टेन्शन आतून लिबमेमकॅश्डच वापरतं आणि त्याचा मूळ हॅश निराळा. की तीच, पण डीमन एका मशीनवर ठेवतोय आणि पान दुसऱ्याच मशीनवर शोधतंय! वर कॅश मिस (की न सापडणं) म्हणजे काही एरर नव्हे. लॉग स्वच्छ, आणि सगळा भार गुपचूप डेटाबेसवर.

एपीआर-मेमकॅशमध्ये सर्व्हर निवडायचं फंक्शन स्वतःचं देता येतं, हे खरं. पण मग केटामा (सर्व्हर वाढले-घटले तरी थोड्याच की हलवणारी वाटणीची पद्धत) हातानं लिहा आणि पीएचपीशी तंतोतंत जुळवत बसा. त्यातून साध्या भागाकारात ४ सर्व्हरचे ५ केले की सुमारे ८० टक्के की जागा बदलतात. केटामात साधारण पाचव्या हिश्श्याच्या. लिबमेमकॅश्डमध्ये हे एका बिहेवियरच्या (सेटिंगच्या) ओळीत होतं. माझं पारडं तिथेच झुकलं.

तुमचा प्रोग्रॅम आधीच एपीआरवर उभा असेल, सर्व्हर ठरलेले असतील आणि त्या कॅशला दुसरं कुणी हात लावत नसेल, तर एपीआर-मेमकॅशला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, लिबमेमकॅश्ड घ्यावं. फक्त २०१४ ची १.०.१८ नको, पुढे दुसऱ्यांनी फोर्क करून (कोडची वेगळी प्रत काढून) चालवलेली १.१ ची मालिका घ्या.

आणि जोडताना एक बघा. पीएचपीतला 'लिबकेटामा कम्पॅटिबल' पर्याय आतून वेटेड (सर्व्हरना वजन देणारा) केटामा लावतो, तेव्हा सी मध्येही वेटेडच हवा, नुसता केटामा नाही. सर्व्हरची नावंही दोन्हीकडे अक्षरशः सारखी लिहा. एकीकडे आयपी आणि दुसरीकडे होस्टनेम चालत नाही, कारण केटामा त्या नावांचाच हॅश काढतं.