सातबारावर ‘अ.पा.क.’ दिसलं तरी मी विसार दिला

माझे पाच लाख गेले, त्यातले दीड परत आले. कुणी जमीन घ्यायच्या नादात असेल तर आधी हे वाचा.

२०२१ च्या दिवाळीनंतर आमच्याच तालुक्यात एक एकर बागायत विकायला आहे असं एजंटने सांगितलं. एजंट म्हणजे कुणी परका नाही, वडिलांच्या ओळखीतला, घरी चहाला येणारा माणूस. जमीन आजोबांनी बक्षीसपत्राने नातवाच्या नावावर केलेली, मुलाचे वडील वारलेले, मुलगा बारावीला, सतरा पूर्ण. सातबारावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि पुढे आईचं नाव. मी विचारलं हे काय, तर म्हणाला अहो अज्ञान पालनकर्ता, पोरगं अज्ञान आहे, म्हणजे अठराच्या आतलं, म्हणून आई सांभाळते, सात-आठ महिन्यांत अठरा पूर्ण होतील मग तलाठ्याकडे अर्ज देऊन शेरा कमी करू आणि लगेच खरेदीखत, तोवर विसार देऊन भाव बांधून ठेवा, रिंगरोडचं चाललंय, नंतर हा भाव राहणार नाही. मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचंच होतं.

पाचशेच्या स्टॅम्पवर विसार पावती झाली, नोटरी झाली. लिहून देणार म्हणून मुलाची सही. आणि आईची सही कुठे, तर खाली साक्षीदारांत! तीन लाख मुलाच्या खात्यावर आरटीजीएस केले, दोन लाख रोख एजंटच्या हातात दिले, त्याची पावती नाही काही नाही. महिन्याभरात पोरगं नव्या कोऱ्या बाईकवर फिरताना दिसलं, मी कौतुकाने हात पण केला त्याला.

अठरा झाले. मग आज परीक्षा आहे, उद्या मामा गावाला गेलाय, परवा अमावस्या. एक दिवस सहज ऑनलाइन सातबारा उघडला तर नाव तिसऱ्याचंच, खरेदीखत होऊन फेरफार पण मंजूर, भाव माझ्यापेक्षा बराच वरचा. आणि तो व्यवहार आमच्याच एजंटने जमवलेला.

वकिलांकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी सातबारावर त्या तीन अक्षरांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, हे वाचलं होतं का? म्हटलं हो. म्हणाले मग अवघड आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान माणूस करारच करू शकत नाही, म्हणजे ती पावती मोडली वगैरे नाही, ती कधी झालीच नाही. अठरा झाल्यावर तो ‘मला मान्य आहे’ म्हणाला असता तरी जुन्या कागदात जीव आला नसता, नवा करार, नवा मोबदला लागला असता. मग त्यांनी कलकत्त्याची केस सांगितली. धरमोदास घोष नावाच्या अज्ञान मुलाने १८९५ मध्ये सावकाराकडे घरदार गहाण टाकलं, वीस हजारांना, पण सावकाराच्या माणसाला तो अज्ञान असल्याचं आधीच कळवलेलं होतं. १९०३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, गहाणखत शून्य धरलं आणि सावकाराला दिलेले पैसे पण मिळाले नाहीत. मुलाने वय खोटं सांगून फसवलं असतं तर त्याच्या हातात जे उरलंय ते तरी मागता आलं असतं, पण तुम्ही तर डोळ्यांनी वाचून सही घेतलीत, असं वकील म्हणाले. मला त्या सावकाराची दया आली, पहिल्यांदाच.

आईने पालक म्हणून सही केली असती तर? मी हेच विचारलं. तर अज्ञान हिंदू मुलाच्या स्वतःच्या नावची जमीन विकायला १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ ने कोर्टाची परवानगी लागते, ती नसेल तर रजिस्टर खरेदीखत झालं तरी पोरगं अठरा झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून ते रद्द करून घेऊ शकतं. म्हणजे तुम्ही बोअर मारा, ऊस लावा, एकविसाव्या वर्षापर्यंत टांगती तलवार. तेव्हा ‘आई सही करते’ असं कुणी म्हणालं तर सरळ कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल मागा, आणि वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला बघा. वय भरायला थोडेच दिवस राहिलेत म्हणत असतील तर तेवढे दिवस थांबा, पैसे खिशात ठेवून.

पोलीस स्टेशनला गेलो तर ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलं. शेवटी मुलाच्या आईला भेटायला गेलो. ती बिचारी खाली बघत म्हणाली, दादा, त्यांनीच सांगितलं होतं की पोराची सही कोर्टात टिकत नाही, तुम्ही साक्षीदारात सही करा, काही होत नाही. म्हणजे एजंटला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. ताईंनी नंतर दोन वेळा मिळून दीड लाख आणून दिले, कायद्याने द्यायची गरज नसताना. रोख दिलेले दोन लाख तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

एजंट परवा एका लग्नात भेटला. पंगतीत शेजारीच येऊन बसला, जिलेबी वाढायला सांगितली आणि म्हणाला, दीड एकर आहे एक, टायटल एकदम क्लिअर. म्हटलं सातबारा पाठवा आधी. अजून पाठवतोय.