कणकुंबीचा पाऊस आणि डायलिसिसची गाडी

बेळगावच्या शहापुरात आमचं फ्रेमचं दुकान आहे. बाबांनंतर मीच बघते. मदतीसाठी भरवलेल्या प्रदर्शनांच्या फ्रेमा आजवर बऱ्याच केल्या आणि त्यात एक गोष्ट मला कायम सलते. अशा वेळी चित्रकार बहुतेकदा घरात उरलेलं चित्र देतो. घेणाराही पावती बघतो, चित्र बघत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी तेच चित्र बुरशी चढून माझ्याकडे येतं, ‘आतलं काढा, फ्रेम तेवढी राहू दे’ म्हणून. त्यामुळे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर खानापूर तालुक्यातल्या डायलिसिसच्या पेशंटांच्या गाडीभाड्यासाठी टेम्पोत चित्रं घालून गावोगाव फिरतायत असं कळलं, तेव्हा मी फारशी आशा न धरता गेले. पहिल्यांदा निपाणीत बघितलं. मग खानापुरात मुद्दाम परत गेले आणि बेळगावात टिळकवाडीला तिसऱ्यांदा.

चित्रं चांगली आहेत. हे आधी सांगते, कारण हेतू चांगला आहे म्हणून चित्रांना सूट द्यायची मला सवय नाही. सगळे जलरंग, बहुतेक हाफ इंपीरियल (साधारण १५ बाय २२ इंच), जाड हँडमेड कागदावर. कणकुंबीच्या पावसाचं चित्र बघत मी खूप वेळ उभी होते. मलप्रभा उगम पावते तो हा भाग. नदी मात्र चित्रात दिसत नाही. ओली कौलं, देवळाचा भिजून काळा पडलेला दगड आणि मधे कोरा सोडलेला पांढरा कागद, तोच पाऊस. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो, आणि तो राखायला हात थांबावा लागतो. चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांच्या बेळगावात हे बघणारी माणसं अजून आहेत. चित्रकार रवी परांजपे इथलेच, के. बीं.च्या हाताखाली शिकलेले. आमच्या गावात चित्र बघायला येणारा म्हातारा माणूस सरळ ‘रेषा दाखवा’ म्हणतो.

नंदगडच्या वडाचं चित्र दुसरं. १८३१ साली इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ती जागा. मूल व्हावं म्हणून नवस बोललेले तिथे लाकडी पाळणे बांधतात. मास्तरांनी रायण्णा काढलेला नाही, फक्त पाळणे काढलेत, काही नवे पिवळे, काही पावसानं करडे झालेले. चित्राखाली नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही हातानं लिहिलेलं, सारख्याच आकारात. आमच्या भागात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली याला किती अर्थ असतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इथे दोन्ही शेजारी-शेजारी आहेत.

निपाणीतला प्रसंग सांगायलाच हवा. तिथे बिडी वळणाऱ्या बायकांचं एक मोठं चित्र होतं, मांडीवर सूप, पानांची चवड, कात्री, पत्र्याचा साचा. संध्याकाळी कामावरून परतताना चार-पाच बायका आत आल्या. त्यातल्या एक मावशी चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, “मास्तर, सगळं खरं काढलाय की वो. पर दोरा त्या बोटाला नसतोय.” मास्तरांनी लगेच खुर्ची ओढली. “बसा, दाखवा मला.” मावशींनी हवेतच बिडी वळून, दोरा गुंडाळून दाखवला आणि मास्तरांनी स्केचबुकात त्यांचे हात काढून घेतले. खानापूरला मी गेले तेव्हा मोठ्या चित्राशेजारी ते पेन्सिलचं स्केच लावलेलं होतं, विक्रीसाठी नाही अशी चिठ्ठी लावून. माझ्या मते सगळ्या प्रदर्शनात तेच सर्वात जिवंत आहे.

आता पैशाचं. दाराशीच एक वही उघडी ठेवलेली असते. डावीकडे कुठलं चित्र कितीला गेलं, उजवीकडे कुठल्या गावाहून कुठल्या दिवशी गाडी गेली आणि किती भाडं दिलं. पेशंटचं नाव नाही, फक्त गाव. कागद, फ्रेम आणि टेम्पोचा खर्च मास्तर पेन्शनीतून करतात, तो या वहीत येतच नाही. कुणी विचारतं, कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे, मग भाडं कशाला? बाबांची शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मी त्यांच्या शेजारी बसले आहे, म्हणून मला याचं उत्तर माहीत आहे. एका वेळेला चार तास. सुई काढल्यावर माणूस पिळून निघाल्यासारखा होतो, कधी बीपी उतरतं. आम्ही शहापूरचे, रिक्षानं घरी. शेजारच्या खाटेवरचे काका जांबोटीच्या पुढून पहाटे अंधारात निघायचे, फाट्यापर्यंत चालत, पुढे वडाप (माणसं भरून नेणारी जीप), आणि परतताना तेच सगळं उलटं. बरोबर आलेल्या मुलाची मजुरी बुडायची ती वेगळीच. उपचार फुकट मिळाला तरी रस्ता फुकट होत नाही.

प्रवेशाला तिकीट नाही. जमेल त्यानं एक धुतलेली शाल किंवा चादर आणायची, कारण डायलिसिस चालू असताना थंडी वाजते. ही कल्पना कुठून आली म्हणून विचारलं, तर मास्तरांनी पिकासोच्या ‘गर्निका’ची हकीकत सांगितली. १९३७ चं ते चित्र स्पेनच्या निर्वासितांसाठी पैसे उभे करायला देशोदेशी फिरलं. १९३९ च्या जानेवारीत लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत ते लागलं तेव्हा स्पेनला पाठवायला बुटांचा जोड आणला की प्रवेश मिळायचा. लोकांनी चित्राखाली बूट रचले होते. खानापुरात मी बघितलं ते असंच, पाळण्यांच्या चित्राखाली शालींची थप्पी. तिच्यात एका आजींनी दिलेली वाकळ होती, कन्नडमध्ये कौदी म्हणतात ती, जुन्या इरकली लुगड्यांची, बारीक टाक्याची. मी हात लावून बघितली. विकत घेऊ का, असं मनात आलंही, पण ती जिला जायची तिलाच जाऊ दे.

दोष सांगते. ‘गर्निका’ जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद, दर मुक्कामाला गुंडाळून न्यायचं, पुन्हा ताणून ठोकायचं. त्या प्रवासांनी त्याचे रंग तडकले आणि पुढे त्याचं फिरणंच बंद करावं लागलं. इथेही प्रवासाचा विचार कमी पडलाय. सगळ्या चित्रांना साधी काच आहे. निपाणीहून खानापूरला येताना दोन फुटल्या आणि एका सुंदर चित्रावर कोपऱ्यात ओरखडा गेला. काचेवर ट्यूबलाइट चमकते, सावलीतली चित्रं धड दिसत नाहीत. खानापूरच्या दमट हवेत माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला, लाटा आल्या होत्या, कारण मागं नुसता हार्डबोर्ड आहे, कडा टेपनं बंद केलेल्या नाहीत. किमतीही मला कमी वाटतात. कमी किंमत लावली की लोक घासाघीस करतात, आणि मी तिथे उभी असताना दोघांनी केली. चित्रांच्या सहा कार्डांचा संच तिथे मिळतो, त्याची किंमत मात्र योग्य आहे. शाळेतली पोरंसुद्धा तो घेत होती.

टिळकवाडीत मी हे सगळं मास्तरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एकेक मुद्दा लिहून घेतला आणि विचारलं, “मग ताई, कोण करणार?” उरलेली चौदा चित्रं आता माझ्या दुकानात आहेत. काच काढून अ‍ॅक्रिलिक बसवतेय, मागून कडा बंद करतेय. कणकुंबीचा पाऊस मी घेतला, घासाघीस न करता. नंदगडचा वड विकला गेलाय, पण पुढच्या मुक्कामापर्यंत तो प्रदर्शनातच राहणार आहे.