दुपारी एक वाजता कुठे असावं? एडिंबरा आणि ग्लासगो, पहिल्या खेपेसाठी

एडिंबराच्या किल्ल्यावर दुपारी बरोबर एकला तोफ उडते. 1861 पासूनची ही प्रथा आहे. लीथ बंदरातल्या जहाजांना धुक्यातही वेळ कळावी म्हणून ती सुरू झाली. दुपारी त्याच वेळी पाऊणशे किलोमीटरवर ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात वादक पाइप ऑर्गनसमोर बसतो, आणि खालच्या दालनात चहा पीत बसलेली माणसं माना वर करतात. (रविवारी तोफ उडत नाही, आणि ऑर्गन तीन वाजता वाजतो.) पहिल्यांदाच स्कॉटलंडला निघालेलं कुणी मला विचारतं, ‘चार दिवस आहेत, एडिंबरा की ग्लासगो?’, तेव्हा मला हे दोन आवाजच आठवतात.

माझं उत्तर आधीच सांगते: मुक्काम ग्लासगोला करा आणि एक अख्खा दिवस एडिंबराला द्या. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. एडिंबरात राहतात, एका दुपारपुरते ग्लासगोला येतात, ब्युकॅनन स्ट्रीटवर खरेदी करतात आणि ‘काही विशेष नाही’ म्हणून परत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एका दुपारीत ग्लासगो कळत नाही.

एडिंबरा एका दिवसात खूप काही देतं. वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडलात की किल्ला समोरच दिसतो. जुनं आणि नवं अशी दोन्ही शहरं मिळून 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि मधल्या प्रिन्सेस स्ट्रीट बागेत उभं राहिलं की दोन्ही एका नजरेत मावतात. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रॉयल माइल, त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेले अरुंद ‘क्लोज’, म्हणजे आपले बोळच. अॅडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी क्षणभर थांबा. काळपट दगडी भिंतींच्या फटीतून खाली स्कॉट स्मारकाचा कळस बरोबर मधोमध दिसतो. तिथून पायऱ्या उतरताना दगडाचा गारवा तळहाताला लागतो.

मराठी माणसाने किल्ल्याच्या तोंडाशी आणखी एक जागा पाहावी. रॅमसे गार्डन ही पांढऱ्या भिंतींची, लाल छपरांची घरं स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या पुढाकारातून उभी राहिली, आणि शेजारच्या मनोऱ्यात, जिथे आज कॅमेरा ऑब्स्क्युरा (भिंगाने बाहेरच्या शहराचं चित्र आत पाडणारी अंधारी खोली) आहे, त्यांनी शहराच्या अभ्यासाचं केंद्र चालवलं. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या नव्या विभागाचे प्रमुख झाले. पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेल्या गो. स. घुर्ये यांना शिक्षणासाठी परदेशी पाठवायला त्यांनीच निवडलं. पडकी घरं सरसकट पाडण्यापेक्षा दुरुस्त करून त्यांत माणसं वसवावीत, हा विचार त्यांनी आधी या बोळांत करून पाहिला आणि मग भारतातल्या शहरांसाठी मांडला.

आता गंमत अशी की ‘क्लोज’ हा शब्द ग्लासगोतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ बोळ नाही. लाल वालुकाश्माच्या तीन-चार मजली टेनेमेंट इमारतींमध्ये शिरताना लागणारा सामाईक बोळकांडीवजा रस्ता आणि जिना म्हणजे क्लोज. चाळीत वाढलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. गार्नेटहिलवर ‘टेनेमेंट हाउस’ नावाचं छोटं संग्रहालय आहे. अॅग्नेस टॉवर्ड ही टायपिस्ट बाई 1911 पासून अर्धशतकाहून अधिक काळ तिथे राहिली आणि तिने फारसं काही टाकून दिलं नाही. स्वयंपाकघरातली काळी शेगडी, भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला पलंग, घरगुती जॅमची बरणी. माझी आई त्या पलंगासमोर बराच वेळ उभी राहिली. गिरगावातल्या तिच्या आजोळी एका खोलीत सात जणं झोपायची. किल्ल्यात तिने इतका वेळ कुठेच घालवला नव्हता.

पैशांचं म्हणाल तर फरक मोठा आहे. ग्लासगोची बहुतेक मोठी संग्रहालयं फुकट आहेत. 1901 सालच्या केल्विनग्रोव्हमध्ये छताला टांगलेलं स्पिटफायर विमान आणि साल्वादोर दालीचं क्रूसाचं प्रसिद्ध चित्र आहे. क्लाइड नदीकाठचं रिव्हरसाइड हे वाहतुकीचं संग्रहालय वास्तुकार झाहा हदीदने आखलेलं आहे. आत इथल्याच नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीचं, दक्षिण आफ्रिकेतून परत आणलेलं वाफेचं प्रचंड इंजिन उभं आहे. भारतीय रेल्वेलाही या कंपनीने इंजिनं पुरवली होती. मुलं बरोबर असतील तर इथे तीन तास धरा. पोलोक पार्कमधलं बरेल कलेक्शन 2022 मध्ये नव्याने उघडलं, आणि बाहेर कुरणात डोळ्यांवर झिपऱ्या आलेल्या हायलँड गाई चरताना दिसतात. एडिंबरातही चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय आणि नॅशनल गॅलरी फुकट आहेत, दोन्ही उत्तम. पण किल्ल्याचं आणि राजवाड्याचं तिकीट माणशी वीस पौंडांच्या आसपास जातं, चौघांच्या कुटुंबाला ते जाणवतं. किल्ल्याचं तिकीट वेळेसह आधीच ऑनलाइन काढा. शिवाय 24 जुलै 2026 पासून एडिंबरातल्या मुक्कामाच्या भाड्यावर 5 टक्के पर्यटन कर आहे.

गुडघ्यांचा विचार आधी करा. एडिंबरा सगळं चढ-उताराचं आणि फरसबंदीचं आहे. आर्थर्स सीट ही विझलेल्या ज्वालामुखीची टेकडी 251 मीटर उंच. सिंहगड चढणाऱ्याला ती काहीच नाही, पण वरचा वारा उभं राहू देत नाही. ज्येष्ठांना कॅल्टन हिल पुरते. चढ थोडा आणि देखावा तितकाच मोठा. ग्लासगोच्या मध्यभागीही चढ आहेत, पण बसने पुष्कळ टळतात. 1896 पासून चालणारी तिथली भुयारी रेल्वे पंधरा स्टेशनांचं एकच कडं आहे, डबे खेळण्यातल्यासारखे बुटके. मात्र लिफ्ट फक्त सेंट इनॉक आणि गोव्हन या दोन स्टेशनांवर आहे, त्यामुळे चाकाची खुर्ची किंवा काठी असेल तर बसच बरी.

पाऊस ग्लासगोत जास्त, वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या वर. एडिंबरात सातशेच्या आसपास. आपल्या मानाने ही झिमझिमच आहे, पण ती दिवसभर चालते. एडिंबराच्या वाऱ्यात छत्री उलटी होते. टोपीचं जाकीट घ्या.

खाण्यात ग्लासगो उजवं आहे, निदान शाकाहाऱ्यांना. पंजाबी आणि पाकिस्तानी मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पोलोकशील्ड्सच्या दुकानांत कढीपत्ता, भेंडी, कोथिंबीर सगळं मिळतं. हॅगिस हा मूळचा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ, पण डाळी आणि ओटचं शाकाहारी हॅगिस दोन्ही शहरांत मिळतं, जरूर खाऊन पाहा. फक्त चिप्सच्या दुकानात तळण कशातलं आहे ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी गाईची चरबी वापरतात. पाणी मात्र नळाचंच प्या. 1859 पासून ग्लासगोला लॉक कॅट्रीन तलावाचं पाणी येतं आणि त्याला गोडवा आहे.

ग्लासगोच्या उणिवाही सांगायला हव्यात. सॉकीहॉल स्ट्रीटवर बंद दुकानं पाहून मन खट्टू होतं. वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉशची कलाशाळा 2014 आणि 2018 च्या आगींत जळाली, ती आतून पाहता येत नाही. त्याऐवजी विद्यापीठाजवळचं मॅकिंटॉश हाउस आणि 1903 सालची विलो टी रूम्स पाहा. ज्यांना फक्त एकच दिवस आहे, किंवा जे 1947 पासून चाललेल्या ऑगस्टच्या महोत्सवांसाठीच येताहेत, त्यांनी डोळे मिटून एडिंबराच धरावं. पण ऑगस्टची खोली सहा महिने आधी ठरवा. एका वर्षी मी जुलैत शोधायला बसले आणि एका रात्रीला मागितलेले पैसे ऐकून फोन खाली ठेवला. शेवटी ग्लासगोतच राहून रोज ये-जा केली. माझं मत त्या आठवड्यात पक्कं झालं.

क्वीन स्ट्रीट ते वेव्हर्ली गाडी दिवसा दर पंधरा मिनिटांनी सुटते आणि साधारण पन्नास मिनिटांत पोचते. गर्दीच्या वेळेचं जादा भाडं सप्टेंबर 2025 पासून रद्द झालंय. क्वीन स्ट्रीटहूनच लॉक लोमंडकाठच्या बॅलॉकला तासाभराच्या आत पोचता येतं, आणि ग्लेनफिनन पुलावरून मॅलेगला जाणारी गाडीही तिथूनच निघते. पहाडी स्कॉटलंडची चव घ्यायची असेल तर हा सर्वांत मोठा फायदा.

एडिंबराच्या दिवशी सकाळी नऊची गाडी धरा. रॉयल माइल आणि बोळ आधी, मग साडेबाराला किल्ल्यात शिरून उत्तरेच्या तटावर जागा पकडा. लहान मुलांचे कान झाका, तोफेचा आवाज पोटात जाणवतो.